जुन्या जीपला पॉवर ब्रेक बसवताना : कोकणातल्या नव्या मालकांसाठी

कोकणात जुनी जीप ही अजून कामाची गाडी आहे. कलमांच्या बागेतून आंब्याच्या पेट्या रस्त्यापर्यंत आणायच्या, जांभ्याच्या चढणीवरून चिरे वाहायचे, पावसाळ्यात वाडीवर पोहोचायचं, ही कामं ती आजही करते. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस यांचं फारसं बिघडत नाही. ब्रेक मात्र ज्या काळातले आहेत त्या काळातच राहिलेत : चारही चाकांना ड्रम, मास्टर सिलिंडरमधून (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा सिलिंडर) निघणारी एकच लाइन आणि सगळी ताकद चालवणाऱ्याच्या मांडीतून. विलिस घराण्यातल्या सुरुवातीच्या जीपांना तर अवघे ९ इंची ड्रम होते. मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने जायचं तेव्हा ते पुरले. आज मुंबई-गोवा महामार्गावर पुढचा ट्रक अचानक थांबला की तेच पेडल दगडासारखं लागतं.

म्हणून जीप घेतली की पहिला सल्ला मिळतो, “बूस्टर टाक,” म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा लावून पॉवर ब्रेक कर. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. बूस्टर कधी टाकायचा, त्याआधी काय करायचं आणि त्याला जोडून काय बदलावं लागतं, हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याला, किंवा मेस्त्रीकडून करून घेताना शेजारी उभं राहून समजून घ्यायचं आहे त्याला, उपयोगी पडावं म्हणून ही माहिती क्रमाने लिहितो आहे.

बूस्टर काय करतो, काय करत नाही

बूस्टरच्या डब्यात एक रबरी पडदा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनाने ओढलेला व्हॅक्यूम असतो. पेडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा आत शिरते आणि वातावरणाचा दाब पडदा पुढे ढकलतो. ९ इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ४१० चौरस सेंटिमीटर भरतं. पाऱ्याच्या ५०० मिलिमीटर इतका व्हॅक्यूम असेल तर त्यावर जवळजवळ पावणेतीनशे किलोचा जोर मिळतो. तुमचा पाय तेवढा हलका होतो.

पण चाकाशी असलेले लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे), ड्रम आणि टायर तेच राहतात. गळका व्हील सिलिंडर (चाकातला, लायनर ड्रमवर दाबणारा) बूस्टरमुळे सुधारत नाही, उलट जास्त दाबाने लवकर फुटतो. आणि उष्णतेचं काय? आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. दीड टनाची जीप घाटातून ६०० मीटर खाली आणायची तर ब्रेक आणि इंजिन मिळून जेवढी ऊर्जा जिरवतात, ती ताशी ६० किलोमीटरच्या वेगातून चाळीसेक वेळा पूर्ण थांबण्याइतकी होते. हा सगळा भार ब्रेकवर टाकला तर ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते आणि बूस्टर असो वा नसो, गाडी थांबत नाही. पॉवर ब्रेकचं पेडल हलकं लागतं म्हणून माणूस ते जास्त वेळ दाबून ठेवतो, ही त्यातली खरी भीती.

म्हणून माझा आग्रह एका क्रमाचा आहे. आधी मूळ ब्रेक ठणठणीत करा, मग दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, मग बूस्टर आणि त्याचा व्हॅक्यूम, आणि शेवटी हवे असतील तर पुढे डिस्क. गॅरेजमध्ये बहुधा उलटं होतं, कारण बूस्टर बॉनेट उघडल्यावर दिसतो आणि व्हील सिलिंडर दिसत नाही.

काम सुरू करण्याआधी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसी बुकात नोंदलेला तपशील बदलेल असे फेरफार मालकाने परस्पर करायचे नाहीत. तुमच्या आरटीओत बदल आधी विचारून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा आणि भागांची बिलं जपून ठेवा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावीच लागते, तेव्हा ही बिलं कामाला येतात.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. बऱ्याच जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकात नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही, गाडी गिअरमध्ये असूनही, जीप घरंगळू शकते. म्हणून सपाट, घट्ट जमिनीवर काम करा. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि अ‍ॅक्सलखाली घोड्या ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. पावसात अंगणातल्या लाल मातीत जॅक रुततो, त्याखाली जाड फळी हवी.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा एअर प्रेशरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. धूळ पाण्याने भिजवून पुसून काढा.

पहिली पायरी : मूळ ब्रेक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चारही ड्रम उतरवा.

व्हील सिलिंडरचं रबर बोटाने उचलून पाहा. आत ओल दिसली तर तो गळतो आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे असतील तर नुसतं किट टाकून उपयोग नाही, नवा सिलिंडर घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत ब्रेक ऑइल ओलावा शोषून घेतं आणि गंज बाहेरून येण्याआधी आतूनच सुरू होतो. वर्षानुवर्षं बागेत उभ्या असलेल्या जीपमध्ये हे हमखास सापडतं. किटचे रबर डिझेल-पेट्रोलने धुऊ नका. ते फुगतात आणि ब्रेक जाम होतात. नव्या ब्रेक ऑइलने ओले करूनच बसवा. साधं ग्रीसही तिथे चालत नाही.

ड्रमच्या आत बोट फिरवा. कडेला उंच कड तयार झाली असेल, चरे पडले असतील, किंवा पेडल दाबल्यावर पायाखाली ठोके जाणवत असतील तर ड्रम लेथवर टर्निंगला द्या. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असेल तर त्यापुढे माल काढू द्यायचा नाही. फार पातळ ड्रम लवकर तापतो आणि दाबाखाली वाकतो. एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही ड्रमांचा व्यास सारखा ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

लायनरवर ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल तर तो पॉलिश पेपरने घासून वापरण्याच्या फंदात पडू नका. बदलाच, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला. मागच्या लायनरवर गिअर ऑइल दिसलं तर अ‍ॅक्सलचं ऑइल सील आधी बदलायला हवं, नाहीतर नवा लायनर महिनाभरात तसाच होईल.

चेसिस आणि चाक यांच्यामधले रबरी होस वाकवून पाहा. वरून चिरलेले असतील तर प्रश्नच नाही. पण बाहेरून चांगले दिसणारे होसही आतून सुटतात. मग ऑइल जातं पण परत येत नाही आणि त्या एका चाकाचा ब्रेक धरून राहतो. वीस-पंचवीस वर्षांच्या जीपमध्ये हे होस तपासत बसण्यापेक्षा नवे टाकणं शहाणपणाचं.

शेवटी शू (लायनर ज्यावर बसतो ती कमान) अ‍ॅडजस्ट करा. अ‍ॅडजस्टर फिरवत चाक किंचित घासेपर्यंत न्या, मग मोकळं फिरेल इतपतच मागे घ्या. चारही चाकांचं अ‍ॅडजस्टमेंट नीट झालं की कित्येक जीपांचं पेडल निम्म्याने वर येतं. यानंतर गाडी सावकाश चालवून पाहा. एवढ्यावर काम भागलं असं तुम्हाला वाटू शकतं. बागेतून वाडीपर्यंतच जीप चालत असेल तर तसं ठरवायला काही हरकत नाही.

दुसरी पायरी : दोन सर्किट

जुन्या मास्टर सिलिंडरमधून सगळ्या चाकांना एकच लाइन जाते. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. टँडम मास्टर सिलिंडरमध्ये पुढची आणि मागची लाइन वेगळी असते. एक गेली तरी दुसरी थोडीफार साथ देते. पॉवर ब्रेक आणि टँडम यांपैकी एकालाच पैसे असतील तर मी टँडम घेईन.

इथे बोअरचा हिशेब समजून घ्या. मास्टर सिलिंडरचा बोअर लहान असेल तर तेवढ्याच जोरात दाब जास्त मिळतो, पण पेडल जास्त खोल जातं. बोअर मोठा असेल तर पेडल वर लागतं, पण दाब कमी मिळतो. २२.२ मिलिमीटरऐवजी २५.४ मिलिमीटरचा बोअर टाकला तर ऑइल सुमारे ३१ टक्के जास्त ढकललं जातं आणि दाब सुमारे २४ टक्के घटतो. बूस्टर नसताना मोठा मास्टर सिलिंडर टाकलात तर पेडल आधीपेक्षा कडक होईल. ‘मोठं ते चांगलं’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर हे आकडे आठवा.

पुढे कधी डिस्क बसवायचा विचार असेल तर आत्ताच त्या जोडीला चालणारा मास्टर सिलिंडर घ्या. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, साधारण १० पीएसआयचा. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सतत घासत राहतात. डिस्कचे पॅड झिजत जातात तसं कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीत) ऑइल जास्त मावतं, म्हणून त्या बाजूची टाकीही मोठी लागते.

तिसरी पायरी : बूस्टर कुठे आणि कसा

ज्या जीपांचं पेडल फरशीतून वर येतं त्यांचा मास्टर सिलिंडर पायाखाली, चेसिसला लागून असतो. तिथे बूस्टर बसवायला जागा अपुरी असते आणि चिखल-पाणी थेट लागतं. अशा गाडीला दोन वाटा आहेत. एक, लटकतं पेडल बसवून बूस्टर बॉनेटखाली आणायचा. दोन, लाइनमध्ये जोडायचा वेगळा बूस्टर घ्यायचा. दुसरी वाट सोपी दिसते, पण त्याचं आतलं सील गेलं की ब्रेक ऑइल व्हॅक्यूमच्या बाजूने ओढलं जातं. टाकी रिकामी होते आणि बाहेर कुठेच गळती दिसत नाही. शिवाय दोन सर्किटना दोन बूस्टर लागतात. मी पहिली वाट धरा असंच सांगेन, खर्च जास्त आला तरी.

बूस्टर घेताना त्याचा मास्टर सिलिंडर, पुशरॉड (जोर पुढे ढकलणारी दांडी), ब्रॅकेट आणि चेक व्हॉल्व्ह हे सगळं एकाच गाडीचं, एकाच संचातलं घ्या. बोलेरोचे भाग चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारात सहज मिळतात, म्हणून बरेच मेस्त्री तिकडे वळतात. ते योग्यच आहे. रात्री-अपरात्री अडकलात तर तोच भाग कुठेही मिळेल. भंगारातला बूस्टर मात्र घेऊ नका. रबरी पडदा किती सुकला आहे हे बाहेरून कळत नाही.

बसवण्याआधी पेडलचं माप घ्या. पेडल ज्या पिनवर झुलतं तिथपासून पाय ठेवायच्या जागेच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि त्याच पिनपासून पुशरॉडपर्यंतचं अंतर. पहिल्याला दुसऱ्याने भागा. ३० सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर असेल तर गुणोत्तर ६. बिगर-बूस्टर गाडीत ते साधारण ६ च्या आसपास असतं, बूस्टरवाल्या गाडीत ४ च्या. जुनं ६ चं पेडल तसंच ठेवून बूस्टर जोडला तर पेडल लांब जातं आणि नुसता पाय ठेवला तरी चाकं लॉक होतात. भिजलेल्या जांभ्यावर चाकं लॉक झाली तर जीप आडवी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पुशरॉडचा होल बदला किंवा त्या बूस्टरचंच पेडल बसवा.

जुन्या जीपचा इंजिनाकडचा पत्रा पातळ असतो. पेडल जोरात दाबल्यावर तो लवतो आणि तुमचा जोर तिथेच वाया जातो. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहायचं, हलताना दिसलाच तर मागून ४-५ मिलिमीटरची लोखंडी प्लेट बोल्टने बसवा. पेडलच्या जोडांवर कच्चं वेल्डिंग नको. आणि स्टिअरिंग, क्लच, एक्झॉस्ट यांना बूस्टर लागत नाही ना, हे इंजिन सुरू असताना आणि क्लच दाबून पाहा. इंजिन त्याच्या माउंटिंगवर हलतं, तेव्हा उभ्या गाडीत दिसणारी जागा पुरेशी असेलच असं नाही.

चौथी पायरी : व्हॅक्यूम आणायचा कुठून

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. निरोगी इंजिन आयडलवर पाऱ्याचे ४३० ते ५३० मिलिमीटर देतं. मॅनिफोल्डला निपल जोडा, जाड भिंतीचा व्हॅक्यूम होस घाला, काम झालं. साधा पाणी-डिझेलचा होस वापरलात तर तो ओढीने चपटा होतो.

पण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपा डिझेल आहेत. डिझेल इंजिनाला सहसा थ्रॉटल नसतो, त्यामुळे बूस्टर चालेल इतका व्हॅक्यूम मिळत नाही. तिथे पंप लागतो. सोयीचा उपाय म्हणजे मागच्या बाजूला व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर. तो बसवताना दोन पाइप जपायचे : इंजिनाचं ऑइल पंपाला आणणारा बारीक पाइप आणि ते सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) परत नेणारा जाड पाइप. आणणारा पाइप तुंबला तर पंपाची पाती जळतात. परतीचा पाइप कुठे दुमडला किंवा वर चढवला तर ऑइल पंपातच साचतं. परतीचा पाइप कायम उताराने सम्पकडे गेला पाहिजे. हे करताना सम्पला होल पाडावा लागला तर सम्प उतरवूनच पाडा. आत पडलेला लोखंडाचा कीस बेअरिंग खातो.

हा पंप फॅन बेल्टवर फिरतो. बेल्ट तुटला की चार्जिंग, पाण्याचा पंप आणि बूस्टरचा व्हॅक्यूम, सगळं एकदम जातं. गाडीत जादा बेल्ट आणि तो बदलायचे पाने ठेवा. डॅशबोर्डवर छोटा व्हॅक्यूम गेज किंवा इशाऱ्याचा दिवा लावणं मला आवश्यक वाटतं. चांगला पंप सहाशे मिलिमीटरच्या वर व्हॅक्यूम धरतो. गेजचा काटा रोज कुठे असतो याची डोळ्यांना सवय झाली की बिघाड आधीच कळतो.

बूस्टरच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह फुंकून पाहा. हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. इंजिन बंद पडल्यावर आतला व्हॅक्यूम हाच व्हॉल्व्ह धरून ठेवतो आणि त्यावर तुम्हाला दोन-तीन वेळा हलका ब्रेक मिळतो.

पाचवी पायरी : पुशरॉडची फट

काम छोटं, पण हमखास राहून जाणारं. बूस्टरमधून निघणारी पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर फट हवी. फट नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतत नाही आणि पाच-दहा किलोमीटरमध्ये ब्रेक तापून जाम होतात. फट जास्त असेल तर पेडल उगाच खोल जातं. पुशरॉडच्या टोकावर चिकणमातीची बारीक गोळी ठेवून मास्टर सिलिंडर घट्ट करा, पुन्हा काढा, दबलेल्या गोळीची जाडी मोजा. त्या बूस्टरच्या कंपनीने वेगळं माप दिलं असेल तर तेच पाळा.

सहावी पायरी : पाइप

समुद्राकाठच्या गाडीत पाइप वरून ठीक दिसतो आणि क्लिपच्या खाली सडलेला असतो. क्लिप सोडून पाहा. सगळे पाइप नवे करायचे असतील तर ४.७५ मिलिमीटरचा स्टीलचा किंवा तांबं-निकेल मिश्रणाचा पाइप घ्या. दुसरा महाग पडतो, पण खाऱ्या हवेत गंजत नाही. नुसत्या तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप ब्रेकला नको, तो थरथरीने चिरतो. रिंग दाबून जोडायचे, पाण्याच्या नळासारखे जोड तर मुळीच नकोत.

पाइपचं टोक डबल फ्लेअर आहे की गोल बुडबुड्याच्या आकाराचं, ते पाहूनच जोडा. जुन्या जीपचे आटे इंची असतात, नव्या मास्टर सिलिंडरचे मेट्रिक. ३/८ इंच आणि १० मिलिमीटरचे नट दिसायला जवळजवळ सारखे, दोन-तीन फेरे बसतातही. मग माणूस पान्याने ओढतो, आटे जातात आणि जोड घाटात सुटतो. हाताने सहज फिरत नसेल तर तो नट त्या जागेचा नाही.

सातवी पायरी : ऑइल आणि एअर

सीलबंद डबीतलं डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा, टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल ते. घाटात चालणाऱ्या गाडीला मी डॉट ४ घालतो. कोरडं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. उकळलेल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम खाली जातं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. उघडून ठेवलेली अर्धी डबी पुढच्या वर्षी वापरायची नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो.

मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी बाकावर धरून, दोन छोट्या नळ्या टाकीत परत सोडून, पिस्टन हळूहळू दाबत त्यातली हवा काढा. मग गाडीवर. आपल्या गाड्यांत मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, म्हणून एअर काढायचा क्रम : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. घरातलं कोणी पेडलवर बसवा आणि शब्द आधी ठरवा. “दाब” म्हटलं की दाबायचं आणि धरून ठेवायचं, निपल (चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू) उघडून पुन्हा बंद केल्यावर “सोड”. निपल उघडा असताना पेडल सोडलं तर हवा परत आत जाते. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे ते तळाला जाणार नाही. नेहमीच्या टप्प्यापुढे बोअर गंजलेला असतो आणि तिथे सील फाटतं. टाकीतली पातळी दर चार-पाच दाबांनंतर पाहा.

पेडल लिबलिबीत राहिलं तर हवा आहे, किंवा शू सैल आहेत. हळूहळू खाली सरकत राहिलं तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून परतवतो आहे. अशा गाडीला रस्त्यावर नेऊ नका.

आठवी पायरी : जागच्या जागी तपासणी

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चालतो आहे. मग इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा. पहिला दाब हलका, दुसरा जरा कडक, तिसरा अजून कडक असायला हवा. पहिलाच कडक लागला तर चेक व्हॉल्व्ह, होस किंवा पडदा गळतो आहे. पेडल धरून ठेवल्यावर फुस्स आवाज सतत येत असेल तरीही तेच.

मागची चाकं आधी लॉक होतात का?

रिकाम्या जीपचं मागचं वजन कमी असतं आणि ब्रेक लावल्यावर ते आणखी पुढे सरकतं. बूस्टर आल्यावर मागची चाकं आधी घसरू लागली तर मागच्या लाइनवर दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो. हाताने फिरवता येणारा बरा. मोकळ्या, ओल्या जागेत ताशी २० च्या वेगाने पाहत पाहत अशा जागी आणा की पुढची चाकं आधी लॉक होतील. पेट्या भरून जाणाऱ्या गाडीसाठी भाराप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह चांगला, पण तो स्प्रिंगच्या उंचीशी जुळवावा लागतो.

पुढे डिस्क टाकायचे असतील तर ते बूस्टरनंतरच. ड्रममधला शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, डिस्कला ती मदत नसते, म्हणून डिस्कला दाब जास्त लागतो. पाण्यातून बाहेर आल्यावर डिस्क लवकर सुकते, चिखल अडकत नाही, उष्णता उघड्यावर निघून जाते. कोकणातल्या पावसात हा फरक मोठा आहे. कॅलिपर रिमला लागत नाही ना, हे चाक हाताने पूर्ण फिरवून आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून पाहा.

पहिल्यांदा रस्त्यावर

आधी अंगणात, मग सपाट रिकाम्या रस्त्यावर. चाचणीसाठी पुळण निवडू नका. वाळूवर ब्रेकचं काही कळत नाही, मीठ आतपर्यंत जातं, आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. नवे लायनर ड्रमला नीट घासून बसावेत म्हणून ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा, थोडं चालवा, पुन्हा करा. वीसेक वेळा, मधे गार होऊ देत. नंतर चारही ड्रमांजवळ हात नेऊन पाहा. एकच जास्त तापला असेल तर ते चाक पुन्हा उघडा. सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून ओल पाहा.

कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ, कुठलाही घाट असो, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक थोडा जोरात लावा आणि सोडा, सतत टेकवून ठेवू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतार सोडायची सवय ज्यांना आहे त्यांना हे हात जोडून सांगतो : पॉवर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दाबाला पेडल दगड. जळका वास आला की कडेला घ्या आणि थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडे जातात.

पऱ्ह्यातून किंवा तुंबलेल्या रस्त्यावरून गेल्यावर हळू चालवत पेडल हलकं धरून लायनर सुकवा. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटींनी ये-जा करत असाल तर उताराच्या धक्क्यावर खारं पाणी चाकांना लागतं. त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, पाइपच्या क्लिप आणि बॅकप्लेट विसरू नका. पावसाळ्यानंतर गणपती उरकले की ड्रम उघडून साचलेली लाल माती काढा. ब्रेक ऑइल बाहेर दोन वर्षांनी बदलतात, किनाऱ्यावरच्या गाडीचं मी दरवर्षी मे महिन्यात बदलतो आणि त्याच वेळी बूस्टरचा होस व फॅन बेल्ट पाहून घेतो. काम पूर्ण झाल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट, पुशरॉडचा लॉकनट आणि शूचं अ‍ॅडजस्टमेंट पुन्हा एकदा तपासा. नवे लायनर बसतात तसं पेडल थोडं खाली येतं, ते तेव्हाच वर घ्यायचं.